चलान म्हणजे निकाल नव्हे

जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या बदनापुरात ई-चलानचा मेसेज आला की बरेच जण तो निकालच समजतात. खरं तर तो आरोप असतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 200 नुसार तडजोड शुल्क भरलं की प्रकरण मिटतं. न भरल्यास ते कोर्टात जाऊ शकतं, आणि गुन्हा सिद्ध व्हायचा तो तिथेच. म्हणून पैसे भरण्याआधी नोंद पाहावी. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की चलान दिसतं, बहुधा फोटोसकट. फोटोतली गाडी भलतीच निघाली, तर तक्रारीला तोच पुरावा.

कोर्टात गेलेलं प्रकरण मात्र न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर शोधायचं: आधी राज्य महाराष्ट्र, मग जिल्हा जालना; नाहीतर थेट 16 अंक-अक्षरांचा सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक टाकून. ‘थांबलो तर लोकअदालतीत सूट मिळेल’ हा हिशेब कधी जमतोही. पण सूट हा हक्क नाही, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील करता येत नाही.