दीड इंची भिंग आणि ग्रहण
(आकाश टिपताना : भाग 6)

मागच्या आठवड्यात चंद्र झाला, आता सूर्यग्रहण. बुलढाण्यातून पुढचं खंडग्रास ग्रहण दिसेल ते 2 ऑगस्ट 2027 ला, सोमवारी दुपारनंतर. दिव्याची अवस आहे त्या दिवशी. 'माझा कॅमेरा साधाच आहे, जमेल का?' असं विचारणाऱ्यांना मी आधी तळणीची गोष्ट सांगतो.

22 जानेवारी 1898. खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून शिरून आपल्या वऱ्हाडावरून गेली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर, जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला जय्यत तयारीनिशी बसले होते. धामणगावजवळच्या तळणीला उतरली होती इंग्लंडच्या हौशी आकाशनिरीक्षकांची तुकडी. त्यात होत्या ॲनी माँडर. लग्न झालं म्हणून ग्रीनिच वेधशाळेतली नोकरी सुटलेली. त्यांच्या कॅमेऱ्याचं भिंग होतं दीड इंचाचं! त्यावर त्यांनी करोनाचा, म्हणजे सूर्याभोवतीच्या अंधूक प्रभेचा, सुमारे 1 कोटी किलोमीटर लांब झोत टिपला. तेवढा लांब झोत तोवर कुणाच्याच काचेवर उमटला नव्हता.

हे जमलं कसं? करोना ठिपक्यासारखा नसतो, पसरलेला असतो. अशा गोष्टीचा उजेड फोटोत किती उतरेल हे भिंगाच्या आकारावर नाही, एफ नंबरावर ठरतं. बाईंच्या भिंगाचं नाभीय अंतर नऊ इंच, म्हणजे एफ 6. त्यामुळे अंधूक झोतही उमटला, आणि चित्रचौकट रुंद असल्यानं कापला गेला नाही. मला तळणी फार जवळची वाटते ती यासाठी.

आपल्याला 2027 मध्ये करोना दिसणार नाही. खंडग्रासात सूर्याचा उघडा भाग शेवटपर्यंत तसाच प्रखर असतो, म्हणून फिल्टर एक क्षणही काढायचा नाही. लाखातला एकच भाग उजेड आत सोडणारी सोलर फिल्म घ्या आणि ती भिंगाच्या पुढे लावा. आधी बल्बसमोर धरून बारीक भोक नाही ना ते बघा. एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच मुळीच नको. सूर्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या 109 व्या भागाएवढी पडते, म्हणजे 300 मिलिमीटरच्या लेन्सवर जेमतेम पावणेतीन मिलिमीटर.

25 ऑक्टोबर 2022 च्या खंडग्रास ग्रहणाला, दिवाळीत, मी फोकस कॅमेऱ्यावर सोडला होता. काळ्याभोर चौकटीत लेन्स पुढे-मागे घुटमळत राहिली आणि सुरुवातीचे सगळे फोटो धुरकट आले. आता मी ग्रहण लागण्याआधीच सूर्याच्या कडेवर हातानं फोकस करतो आणि रिंगवर चिकटपट्टी लावतो. त्याच संध्याकाळी मागं वळून पाहिलं, तर कडुनिंबाच्या पानांमधून चुना दिलेल्या भिंतीवर उजेडाचे शंभरेक गोळे पडले होते, प्रत्येकाचा एकाच बाजूनं चावा घेतलेला. पानांमधली प्रत्येक फट म्हणजे एक सूचिछिद्र कॅमेरा. तो फोटो मोबाइलवर, फिल्टरशिवाय मिळाला, आणि माझ्याकडच्या सगळ्या ग्रहणफोटोंत तोच मला आवडतो.

ऑगस्टात ढग असणारच. पातळ ढग आला तर फिल्टर तसाच ठेवून आयएसओ वाढवा. सरावासाठी मे महिन्याचा दुसरा आठवडा निवडा. तेव्हाचा सूर्य आकाशात जवळपास 2 ऑगस्टच्याच वाटेनं मावळतीला जातो. ट्रायपॉड कुठं ठेवायचा, कुठलं झाड किंवा पाण्याची टाकी आड येते, ते निरभ्र आकाशात तेव्हाच कळेल.