समुद्राचे पाणी केव्हा निवळते?

मालवणला जाऊन आलेली मंडळी दोन तऱ्हेच्या हकीकती सांगतात. जानेवारीत गेलेला सांगतो, पाणी निवळशंख होते, खडकावरचे मासे मोजून घ्यावेत. मेअखेरीस गेलेला सांगतो, पैसे पाण्यात गेले, स्वतःचा हात दिसेना. दोघेही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, बहुधा एकाच खडकावर उतरलेले असतात. मग हा फरक नशिबाचा म्हणायचा काय? आमच्या मते नाही. त्यामागे नियम आहे, आणि तो जाणून घेणे हौशी माणसापेक्षा पोटासाठी पाण्यात उतरणाऱ्यास अधिक अगत्याचे आहे.

या विषयाशी आमचा संबंध प्रथम पुस्तकातून आला नाही. संघटनेच्या कामात गोदीतल्या पाणबुड्यांची गाऱ्हाणी आमच्यापुढे येत. त्यांतला एक जण म्हणाला, "भाऊ, खाली डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय, सारखेच. आमचे हातच आमचे डोळे." तेव्हापासून आम्ही वाचू लागलो आणि मच्छीमारांना विचारू लागलो.

पाणी कितीही शुद्ध असो, ते प्रकाश गिळते. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. निळा सर्वांत खोल पोचतो. परंतु नजर अडते ती मुख्यतः पाण्यात तरंगणाऱ्या कणांमुळे. धुक्यात मोटारीचा दिवा लावला तर रस्त्याऐवजी धुकेच उजळते, तद्वत हे कण प्रकाश चहूकडे फेकतात. हे कण दोन जातींचे: एक मातीचे आणि दुसरे जिवंत.

आधी माती पाहू. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर पाऊस ओततात आणि गड, कर्ली, तेरेखोल या नद्या तांबडी माती समुद्रात आणतात. त्यातला चिकणमातीचा बारीक कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा असतो. असा सुटा कण स्थिर पाण्यात दिवसभरात जेमतेम एक फूट खाली जातो. १० मीटर उतरायला त्यास महिना हवा. सुदैवाने समुद्राचे मीठ तुरटीसारखे काम करते. कण एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि खाडीच्या मुखाशीच पुष्कळसे बसतात.

पण बसलेला गाळ बसून राहत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या आगेमागे भांगाची. मुंबईस उधाणाच्या दिवशी पाण्याची चढउतार ५ मीटरांच्या घरात जाते. एवढे पाणी सहा तासांत आत आणि सहा तासांत बाहेर धावताना तळ खरवडून काढते. बंदरातले पाणी बारमाही गढूळ असते त्याचे हे मोठे कारण. मालवणास चढउतार याच्या निम्म्याने, तरी नियम तोच. ओहोटी खाडीतले गढूळ पाणी बाहेर आणते, भरती बाहेरचे स्वच्छ पाणी किनाऱ्याला लावते. म्हणून भांगाच्या दिवसांत, भरती पूर्ण होऊन ओढ थांबते ती घटका पाणबुड्यास सर्वांत अनुकूल.

आता जिवंत कण. पाऊस ओसरला, नद्या निवळल्या, तरी सप्टेंबर-ऑक्टोबरात समुद्र हिरवा व अंधुक का असतो? याचे उत्तर प्रवाहात आहे. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचे थंड पाणी वर येते. केरळाकडे याचा जोर अधिक. उत्तरेस येताना तो कमी होत जातो. या पाण्यात प्राणवायू कमी, पण खताचे गुण भरपूर. त्यावर ऊन पडले की डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म वनस्पती बेसुमार वाढते. तेच माशांचे मूळ अन्न. मच्छीमाराची सुगी पिकवणारे पाणीच पाणबुड्याची नजर बांधते. पुढे नोव्हेंबरच्या सुमारास प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहू लागतो, थंड थर पुन्हा खाली दबतो, वारा पडलेला असतो, आणि पाणी निवळते. डिसेंबर ते मार्च हा आपला उत्तम काळ. त्यानंतर मध्येच एखाद्या शांत दिवशी लाकडाच्या भुशासारखी तपकिरी साय पाण्यावर पसरते. तीही सूक्ष्म जीवांचीच. मेअखेरीस लाटा वाढतात आणि तळ पुन्हा ढवळू लागतो.

या साऱ्याचा पडताळा विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर दूर समुद्रात मिळतो. तेथील अँग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर कोणत्याच नदीचा गाळ पोचत नाही, आणि तेथले पाणी किनाऱ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ असते.

पाण्याची ही पारदर्शकता मोजता येते. अँजेलो सेक्की या इटालियन पाद्री-ज्योतिर्विदाने १८६५ साली भूमध्य समुद्रात पांढरी थाळी दोरीने खाली सोडली आणि ती दिसेनाशी होईल ती खोली मोजली. आजही शास्त्रज्ञ ही थाळी वापरतात. एक सावधगिरी मात्र हवी: वरचे पाणी स्वच्छ असून तळाशी गाळ उडत असू शकतो. थाळी तळापर्यंत दिसली तरच तळाची खात्री.

आमच्या माहितीतल्या एका कामावर बार्जचे भाडे चढते म्हणून ठेकेदाराने भर उधाणात पाणबुड्यास खाली धाडले. दोर साखळीत अडकल्याचे त्यास दिसले नाही. दोन बोटे गेली. चौकशीत लिहिले गेले, "अपघात." वस्तुतः ती तिथी पंचांगात छापलेली होती. मालवणच्या स्कूबा वाटाड्याचे दुःखही याच जातीचे. फेरी रद्द केली तर रोज बुडतो, न केली तर गढूळ पाण्यात पर्यटकाचा हात सुटण्याची भीती.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक होडीवर व बार्जवर एक पांढरी थाळी आणि खुणांची दोरी असावी. उतरण्यापूर्वी खोली वहीत लिहावी, शेजारी तिथी व भरतीची वेळ मांडावी. आणि ती नोंद पाहून पाणबुडा "आज नाही" म्हणाला, तर त्याचा रोज कापला जाऊ नये.