अळीखत : किळस सोडा, कस बघा

अळीच्या विष्ठेचे खत म्हटले की आपण नाक मुरडतो. ‘हुमणीने ऊस खाल्ला, आता अळी विकत आणू का?’ असा सवाल येतो. शंका रास्त आहे. पण हुमणी जिवंत मुळ्या कुरतडते. काळ्या सैनिक माशीची अळी शेण, ओला कचरा अन् कुजके तेवढेच खाते. ती माशी चावतही नाही. मागे उरते विष्ठा आणि कात; त्यात नत्र, स्फुरद, पालाश असते. मात्र खत नीट मुरलेले नसले तर कोवळ्या मुळ्यांना बाधते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : सगळे रान पणाला लावू नका. एका गुंठ्याला घाला, शेजारचा गुंठा नेहमीसारखा ठेवा. तोडणीला दोन्हींचा ऊस वेगळा मोजा. मग काटा सांगेल ते खरे.