घोष यांची पद्धत आणि हिस्टामिनचा दुसरा रिसेप्टर

हिस्टामिन हा रेणू लहान, पण शरीरात त्याचा वावर फार मोठा. त्वचेतल्या आणि श्वासनलिकांच्या अस्तरातल्या मास्ट पेशी तो साठवून ठेवतात. गांधीलमाशी चावली किंवा परागकण नाकात गेले की तो बाहेर पडतो. मग अंगावर पित्त उठते, नाक वाहू लागते, शिंकांवर शिंका येतात. हाच रेणू जठराला आम्ल स्रवायला लावतो. हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० मध्ये त्याचे परिणाम पहिल्यांदा पद्धतशीरपणे मांडले. जठरातले आम्ल त्याने वाढते, हे पोलिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ लिऑन पोपिएल्स्की यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले आणि १९२० मध्ये प्रसिद्ध केले.

१९३७ मध्ये डॅनियल बोव्हे आणि आन-मारी स्टाउब यांनी पॅरिसमध्ये हिस्टामिनला अडवणारे पहिले संयुग शोधले. त्यातून मेपिरामिनसारखी औषधे निघाली. अंगावरची खाज, शिंका, वाहणारे नाक या सगळ्याला त्यांनी उतार पडू लागला. जठरावर मात्र त्यांचा काडीचाही परिणाम होईना. कितीही मेपिरामिन दिले तरी हिस्टामिन टोचल्यावर आम्ल सुटायचे ते सुटायचेच. हे का होते, याचे उत्तर शोधायचे तर आधी आम्ल नीट मोजता यायला हवे होते, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

त्या काळी उंदरांवर रूढ असलेली एक पद्धत १९४५ मध्ये शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणलेली होती. उंदराच्या जठराचे खालचे तोंड बांधायचे, काही तासांनी त्याला मारून जठरात साचलेला रस काढायचा आणि त्यातले आम्ल टायट्रेशनने मोजायचे. एका प्राण्यातून एकच आकडा हाती लागे. औषधाच्या चार मात्रांची तुलना करायची तर उंदरांचे चार गट लागत, आणि उंदरा-उंदरांतला नैसर्गिक फरक निष्कर्षात मिसळून जाई.

यातून वाट काढली ती एम. एन. घोष या भारतीय औषधशास्त्रज्ञांनी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये हाइन्झ शिल्ड यांच्यासोबत त्यांनी काम केले आणि दोघांचा निबंध १९५८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. उंदराला युरेथेन देऊन बेशुद्ध करायचे, अन्ननलिकेतून एक बारीक नळी जठरात सोडायची आणि दुसरी जठराच्या खालच्या तोंडाला बसवायची. वरच्या नळीतून शरीराच्या तापमानाइतके कोमट, अतिशय सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण संथ गतीने सोडत राहायचे. जठर धुऊन खाली येणारे द्रावण काचेच्या इलेक्ट्रोडवरून जाते. जठराने आम्ल सोडले की द्रावणाचा पीएच उतरतो, आणि हा चढउतार क्षणाक्षणाला नोंदला जातो. शिरेत हिस्टामिनची छोटी मात्रा दिली की आम्लाचा आलेख वर चढतो, थोड्या वेळाने पूर्वपदावर येतो. मग दुसरी मात्रा, मग तिसरी. एकाच प्राण्यात मात्रा आणि परिणाम यांचे नाते तासन्‌तास तपासता येऊ लागले. औषधशास्त्राच्या इतिहासात औषध शोधणाऱ्यांची नावे कोरली जातात. मोजमापाची रीत घडवणाऱ्याचे नाव बहुधा प्रयोगवहीतच राहते. घोष यांच्या निबंधाला भारतात मिळायला हवी होती तेवढी दाद मिळालेली नाही.

पुढचे पाऊल शिल्ड यांचेच. ॲश यांच्यासोबत १९६६ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी हिस्टामिनच्या परिणामांची विभागणी केली. गिनीपिगच्या आतड्याचे आकुंचन मेपिरामिनने थांबते. पेशीवरच्या ज्या रेणूला चिकटून हिस्टामिन तिथे काम करतो, त्या रिसेप्टरला त्यांनी ‘एच-१’ म्हटले. जठरातले आम्ल, उंदराच्या गर्भाशयाचे शिथिल होणे आणि हृदयाच्या अलिंदाचे उद्दीपन मेपिरामिनला दाद देत नाही. तेव्हा तिथे वेगळा रिसेप्टर असणार. पण त्याला अडवणारे एकही संयुग हाती नव्हते, म्हणून त्यांनी त्याला नाव दिले नाही. पुरावा जिथवर पोचतो तिथेच थांबण्याची ही शिस्त मोलाची आहे.

ते संयुग शोधण्याचे काम जेम्स ब्लॅक यांनी १९६४ मध्येच हाती घेतले होते. हृदयविकारावरचे प्रोप्रॅनोलॉल घडवून ते इंग्लंडमधल्या वेल्विन गार्डन सिटी इथे स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीत आले. रसायनज्ञ रॉबिन गॅनेलिन, ग्रॅहम ड्युरंट, जॉन एमेट आणि औषधशास्त्रज्ञ मायकल पार्सन्स हे त्यांचे सहकारी. संयुगांची चाचणी ज्या बेशुद्ध उंदरांवर होत होती, त्यांची मांडणी घोष आणि शिल्ड यांचीच होती. हिस्टामिनच्या रेणूत थोडा थोडा बदल करत चार वर्षांत सुमारे दोनशे संयुगे तयार झाली, आणि आम्ल अडवणारे एकही सापडले नाही.

खरे तर एक हाताशीच होते. ग्वानिलहिस्टामिन हे संयुग रिसेप्टरला अडवायचे, पण स्वतःही थोडे आम्ल सोडायला लावायचे. त्यामुळे पहिल्या चाचणीत त्याचा अडथळा झाकला गेला होता. चाचणीची पद्धत बदलून ते पुन्हा तपासले तेव्हा अडथळा आलेखावर दिसला, पुसट पण निःसंशय. इथून दिशा मिळाली. बुरिमामाइड हे पहिले खरे अवरोधक तयार झाले, आणि १९७२ मध्ये ‘नेचर’मधल्या निबंधात ब्लॅक यांच्या चमूने दुसऱ्या रिसेप्टरला ‘एच-२’ हे नाव दिले.

बुरिमामाइड तोंडाने घेतल्यास पुरेसे शोषले जात नव्हते. त्यानंतरचे मेटियामाइड गुणकारी ठरले, पण काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटल्या. संशय रेणूतल्या थायोयुरिया गटावर होता. तो काढून त्या जागी सायनोग्वानिडिन बसवला आणि सिमेटिडिन तयार झाले. ते १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले. जठराच्या अल्सरसाठी पोटावर शस्त्रक्रिया हाच ज्यांच्यापुढे पर्याय होता, त्यांना गोळीने बरे वाटू लागले. एच-२ अडवला की गॅस्ट्रिन या संप्रेरकामुळे सुटणारे आम्लही घटते, हेही याच संयुगांनी दाखवले, आणि आम्लाच्या स्रावात हिस्टामिनचे स्थान किती मध्यवर्ती आहे हा जुना वाद निकाली निघू लागला. १९८८ मध्ये ब्लॅक यांना गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासमवेत नोबेल मिळाले.

ग्लॅक्सो कंपनीचे रॅनिटिडिन हे दुसरे एच-२ अवरोधक १९८१ मध्ये आले. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर तो बनवण्याच्या प्रक्रियेवरच पेटंट मिळत असे. त्यामुळे इथल्या कंपन्यांनी रॅनिटिडिन स्वस्तात तयार केले, आणि मुंबईच्या जे. बी. केमिकल्सची ‘रॅनटॅक’ महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. पुढे रॅनिटिडिनमध्ये एनडीएमए हे कर्करोगकारक मानले जाणारे द्रव्य आढळले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले, आणि २०२२ च्या भारतीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळले गेले. याच गटातले फॅमोटिडिन आजही वापरात आहे. मधल्या काळात अल्सरमागे हेलिकोबॅक्टर जंतू असल्याचे कळले आणि ओमेप्राझोलसारखी अधिक प्रभावी आम्लरोधके आली, त्यामुळे एच-२ अवरोधकांचे राज्य तसे अल्पकाळाचे ठरले. हिस्टामिनचे रिसेप्टर मात्र दोनावर थांबले नाहीत. मेंदूतला एच-३ पॅरिसच्या आरांग, गारबार्ग आणि श्वार्ट्झ यांनी १९८३ मध्ये दाखवला. एच-४ ची ओळख २००० च्या सुमारास पटली.

घोष भारतात परतल्यावर पुदुच्चेरीच्या जिपमेर या संस्थेत औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. चेन्नईहून दीडशे किलोमीटरवरची ही संस्था १८२३ मध्ये फ्रेंचांनी सुरू केलेल्या वैद्यकशाळेची वारस. तिथे असताना त्यांचे ‘फंडामेंटल्स ऑफ एक्स्पेरिमेंटल फार्माकॉलॉजी’ हे पुस्तक देशभरातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे रोजचे पुस्तक बनले. टायरोड द्रावणात टांगलेला गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा, त्याला बांधलेला दोरा, आणि काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या ड्रमवर तरफेने उमटवलेली उंच-ठेंगणी टोके, असे प्रयोग कसे करावेत हे मुलांनी त्यातूनच शिकून घेतले. प्राण्यांच्या वापरावर निर्बंध आल्यावर जिपमेरच्याच आर. रवींद्रन यांनी ‘एक्सफार्म’ हा संगणकी कार्यक्रम तयार केला. गिनीपिगच्या आतड्यावर हिस्टामिन मोजण्याचा धडा आता विद्यार्थी त्याच्या पडद्यावर गिरवतात.