घोड्यांच्या शर्यतीला परवाना कशाला?

मुंबईत महालक्ष्मीला घोड्यांच्या शर्यती होतात. तिथला हंगाम हिवाळ्यात सुरू होतो. पावसाळ्यात शर्यती पुण्याला असतात. लोक त्याला 'रेस' म्हणतात. घोडे धावतात आणि लोक त्यांच्यावर पैसे लावतात.

आम्हांला वर्गात पुष्कळजण विचारतात, "गल्लीत पत्त्यांवर पैसे लावले तर पोलीस धरतात. मग रेसला कसं चालतं?"

याचे उत्तर कायद्यात आहे. १८८७ च्या कायद्याने जुगाराला बंदी घातली. पुढे १९१२ साली शर्यतींसाठी वेगळा कायदा झाला. सरकारच्या परवान्याशिवाय शर्यत भरवता येत नाही. परवान्याला अटी असतात. पैसे लावायचे तेसुद्धा सरकारने मान्य केलेल्या जागीच. तिथे परवाना असलेला बुकी असतो, नाहीतर टोटची खिडकी असते.

पगाराच्या दिवशी कुणी गल्लीच्या तोंडाशी गाठतो. "घोडा तोच, भाव तोच. इथंच लावा की!" म्हणतो. त्याच्यापाशी परवाना नसतो. तिथे पैसे लावणे हा गुन्हा आहे. घोडा जिंकला आणि तो माणूस पसार झाला, तर दाद कुठं मागणार?

परवाना म्हणजे सरकारने घातलेले कुंपण. कुंपणाच्या आत पैसे लावले तर गुन्हा होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पैसे परत मिळतील अशी हमी त्यात नाही. घोडा हरला की पैसे गेलेच. म्हणून आम्ही सांगतो, घरभाड्याचे आणि मुलांच्या फीचे पैसे घोड्यावर लावू नका.