पावसातली रिमोट कार

रेडिओ-कंट्रोलवर धावणारी शर्यतीची गाडी बहुधा मूळ मोटारीच्या एक दशांश किंवा एक अष्टमांश आकाराची असते. तिच्यावर पडणारा पाऊस मात्र पूर्ण आकाराचाच असतो. ओल्या ट्रॅकवर या गाड्यांपुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात. २ मिलिमीटर पाण्याचा थर मोठ्या मोटारीला फारसा अडवत नाही. एक दशांश आकाराच्या गाडीला तोच २० मिलिमीटर खोल असल्यासारखा भेटतो. डांबरी ट्रॅकवरच्या टूरिंग कारचा तळ जमिनीपासून जेमतेम ५ मिलिमीटर उंच असतो, त्यामुळे उथळ डबक्यातही तो पाण्याला टेकतो.

वजनाचा हिशेब तर याहून बोलका आहे. लांबी, रुंदी आणि उंची दहापट कमी केली की वजन हजारपट कमी होते, पण टायरचा जमिनीला टेकणारा भाग शंभरपटच कमी होतो. म्हणजे टायरखालचा दाब दहावा हिस्सा उरतो. १,३५० किलोची मोटार या प्रमाणात १.३५ किलोची होते, आणि टूरिंग कारचे खरे वजनही साधारण तेवढेच असते. टायर पाणी बाजूला सारू शकत नाही तेव्हा गाडी पाण्यावर तरंगू लागते. हे ज्या वेगाला घडते तो वेग दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. मोठी मोटार ताशी ९० किलोमीटरच्या आसपास तरंगू लागत असेल, तर ढोबळ हिशेबाने छोटी गाडी ३० च्या आतच तरंगेल. सरळ पट्ट्यावर या गाड्या ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातात. पावसात त्या हातातून का निसटतात, ते या आकड्यांवरून कळते.

म्हणून पहिला बदल टायरचा. कोरड्या डांबरावर गुळगुळीत रबरी टायर चालतात. ओल्यावर खाचांचे किंवा बारीक काट्यांचे, आणि रबरही मऊ लागते, कारण थंड पृष्ठभागावर कडक रबर पकड घेत नाही. पकड वाढवण्यासाठी टायरला लावायचे रसायन पावसात धुऊनच जाते. या टायरमध्ये हवा भरलेली नसते, आत स्पंजाचे कडे असते. चाकाच्या रिमला हवा खेळण्यासाठी भोके असतात. त्यांतून पाणी शिरले की स्पंज ते शोषतो, चाक जड होते आणि त्याचा तोल बिघडतो. अनुभवी चालक रिमची भोके चिकटपट्टीने बुजवतात आणि टायरच्या धावेवरच लहान छिद्रे पाडतात. आत आलेले पाणी चाक फिरताना त्या छिद्रांतून बाहेर फेकले जाते. साधा उपाय आहे, पण फरक लगेच दिसतो.

बाकीच्या जुळणीचा रोख गाडी सौम्य करण्याकडे असतो. स्प्रिंग मऊ करतात, शॉकमधले आणि डिफरन्शियलमधले तेल पातळ घालतात, तळाची उंची एक-दोन मिलिमीटरने वाढवतात. ट्रान्समीटरवर ॲक्सिलरेटरचा आणि स्टिअरिंगचा सुरुवातीचा प्रतिसाद मंद केला जातो. विजेची मोटर पहिल्या क्षणापासूनच जोर लावते. ओल्या डांबरावर तो जोर चाके जागच्या जागी फिरवण्यातच वाया जातो.

मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या बग्गीचे दुखणे वेगळे. तिथे पाण्यापेक्षा चिखल त्रास देतो. तो टायरच्या काट्यांमध्ये आणि सस्पेन्शनच्या आर्मच्या पोकळ्यांत भरून बसतो आणि गाडीचे वजन वाढवत नेतो. त्यासाठी पोकळ्यांत आधीच स्पंजाचे तुकडे कोंबतात, तळावर सिलिकॉनचा फवारा मारतात आणि विरळ, उंच काट्यांचे टायर चढवतात.

विद्युत भागांची काळजी हा या छंदातला सर्वांत महाग धडा ठरू शकतो. शुद्ध पाणी विजेचे वाहक म्हणून फारच दुबळे असते. ट्रॅकवरच्या पाण्यात मात्र क्षार आणि धूळ मिसळलेली असते. ते सर्किटवर पोहोचले की शॉर्ट होते, नाहीतर तांब्याच्या रेषा हळूहळू गंजतात. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधणे ही जुनी युक्ती आजही चालते. सर्किटवर संरक्षक लेप देण्याची पद्धत अधिक टिकाऊ, पण लेप देताना प्लगच्या पिना आणि बटणे झाकून घ्यावी लागतात. चाके वळवणाऱ्या सर्व्होच्या सांध्यांना ग्रीस लावतात. स्पीड कंट्रोलरवरचा छोटा पंखा पाण्यात लवकर निकामी होतो. ब्रशलेस मोटरमध्ये ब्रश आणि कॉम्युटेटर नसल्याने ती पाण्याला फारशी दाद देत नाही. तिच्या बेअरिंगना आणि सेन्सरला मात्र धोका असतोच. एखाद्या भागावर आयपी६७ लिहिलेले असेल, तर पाण्याबाबत त्याचा अर्थ १ मीटरपर्यंत पाण्यात ३० मिनिटे बुडूनही तो तग धरतो, एवढाच. ही चाचणी गोड्या पाण्याची असते. समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये.

मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणाऱ्या इंजिनाला पावसात वेगळीच अडचण येते: ते जास्त थंड पडते. सिलिंडरची बाही वरच्या टोकाला किंचित निमुळती केलेली असते आणि पिस्टन तिच्यात नीट बसतो तो इंजिन तापल्यावरच. थंड इंजिन जोरात फिरवले तर दोन्ही झिजतात, ग्लो प्लगही विझतो. त्यामुळे हेडच्या पंखांभोवती फॉइल गुंडाळून उष्णता राखतात. एअर फिल्टरवर आवरण असावेच. सिलिंडरमध्ये पाणी गेले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

ट्रान्समीटर सहसा जलरोधक नसतो, म्हणून तो पारदर्शक पिशवीत हातांसकट ठेवून वापरतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना ट्रॅकच्या अंतरावर पाऊस अडवत नाही. अँटेना चिखलाखाली गाडली जाऊ नये, एवढे पाहावे.

शर्यतीनंतरची अर्धी मेहनत सुकवण्याची असते. आधी बॅटरी काढून पुसायची. लिथियम पॉलिमर बॅटरी फुगलेली दिसली तर ती पुन्हा चार्ज करायची नाही. मग बॉडी उतरवून दाबाच्या हवेने पाणी उडवायचे, स्क्रू आणि सांध्यांवर पाणी हटवणारे तेल फवारायचे. बेअरिंग त्याच दिवशी साफ करून तेल घातले नाही तर ती रात्रीतून गंज धरू लागतात. टायर धावेवरची छिद्रे खाली येतील असे उभे ठेवले की स्पंजातले पाणी निथळते; पूर्ण कोरडे व्हायला मात्र दोन-तीन दिवस लागू शकतात.