कपाळावरचे गोंदण

घरातील वडीलधारे माणूस गेले की भिंतीवर लावण्याजोगे छायाचित्र शोधण्याची धावपळ सुरू होते, आणि पुष्कळ घरांत नेमके तेव्हाच ध्यानात येते की तसे छायाचित्र नाही. सांगलीकडील एका कुटुंबावर हीच वेळ आली. ऐंशी ओलांडलेल्या आजींचा समोरून घेतलेला एकच फोटो होता, नातवाच्या लग्नातला. छायाचित्रकार अगदी जवळ उभा, फ्लॅश सरळ तोंडावर, अंगावर पांढरे लुगडे. पदराच्या चुण्या तर नाहीशा झाल्याच होत्या. कपाळ आणि नाकाचा दांडाही कागदासारखा कोरा पडला होता, गाल व हनुवटी फिकटली होती. आजींच्या भुवयांमध्ये आणि हनुवटीवर गोंदण होते. फोटोत त्याचा मागमूस नव्हता.

तालुक्याच्या गावातील स्टुडिओत मुलाने तो फोटो मोबाइलवर दाखवला. स्टुडिओच्या अण्णांनी पहिली मागणी केली ती मूळ फाइलची. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत तपशील आधीच आटलेला असतो, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. लग्नाच्या छायाचित्रकाराने रॉ फाइल ठेवली नव्हती. पेन ड्राइव्हवरची जेपीईजी तेवढी मिळाली.

हा फरक किरकोळ नाही. जेपीईजीमधील प्रत्येक बिंदूत लाल, हिरव्या व निळ्या रंगाची नोंद ० ते २५५ या अंकांत बसवलेली असते. २५५ म्हणजे काठोकाठ भरलेले भांडे. त्यावर आणखी कितीही प्रकाश ओतला तरी अंक तोच राहतो, आणि सुरकुती व तिच्या शेजारची त्वचा यांत भेद उरत नाही. रॉ फाइलमध्ये हीच नोंद १४ बिटांत, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांत होऊ शकते; डोळ्यांना कोऱ्या वाटणाऱ्या भागातून पुष्कळ काही परत मिळते. अल्बममधील जुना फोटो असा पांढरा पडला असेल तर आधी निगेटिव्ह शोधावी. जास्त प्रकाश लागलेली निगेटिव्ह काळी, दाट होते, परंतु चेहरा तिच्यात बहुधा शाबूत असतो.

अण्णांनी फोटोशॉपमध्ये तिन्ही रंगांच्या नोंदी वेगवेगळ्या उघडल्या. माणसाच्या त्वचेवर लाल रंग सर्वांत आधी भरून जातो; हिरव्यात त्या मानाने जागा शिल्लक असते. तसेच झाले. हिरव्या नोंदीत गालांच्या सुरकुत्या दिसल्या, आणि हनुवटीवर तीन पुसट ठिपके. मुलगा खुर्ची पुढे ओढून बसला.

मग त्या हिरव्या नोंदीच्या आधारे गाल व हनुवटी सावरली. फोटोची प्रत वरच्या लेयरवर ठेवून मल्टिप्लाय लावले. फिकट भागाला गडदपणा आला. कपाळावर मात्र काहीच हलेना. या गुणाकारात शुभ्र गुणिले शुभ्र शुभ्रच राहते. बर्नचे साधन फिरवावे, तर पांढऱ्याचे नुसते राखाडी होते. (त्या साधनाचे चिन्ह म्हणजे वळवलेला हात. अंधाऱ्या खोलीत छपाई करताना कागदाच्या ठरावीक भागावर जास्त प्रकाश सोडण्यासाठी जुने छायाचित्रकार तळहात असाच धरत.) शेवटी कानाजवळच्या त्वचेचा रंग आणि पोत घेऊन कपाळ हलक्या हाताने भरावे लागले. ते कपाळ आजींचे होते आणि नव्हतेही.

सून म्हणाली, "अण्णा, थोडं उजळच राहू द्या, छान दिसतं." ही मागणी प्रत्येक स्टुडिओत रोजची आहे, आणि ती पुरवण्याइतके सोपे दुसरे काम नाही. पण फ्लॅशने दिलेला गोरेपणा हा दोषच आहे. उन्हात राबलेल्या चेहऱ्याचा वर्ण काढून घेतला, तर उरते ते दुसऱ्याच कोणाचे तरी चित्र. अण्णांनी दोन्ही रूपे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली. सून बराच वेळ पाहत राहिली आणि मग सावळ्या चेहऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "या आमच्या आत्याबाई."

प्रश्न उरला भुवयांमधल्या गोंदणाचा. मुलाला एक ठिपका आठवत होता, मुलीला ठिपक्याखाली चंद्रकोर. अण्णा काढायला तयार नव्हते. "हनुवटीवरचं फोटोत होतं, ते मी वर आणलं. हे फोटोत नाहीच," ते म्हणाले. अखेर आजींच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. दोघींनी एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदवून घेतले होते. मावशींनी व्हिडिओ कॉलवर कपाळ पुढे केले: ठिपका, आणि त्याखाली बारीक कोर.

अण्णांनी दोन प्रती छापल्या. भिंतीवर लावलेल्या प्रतीत कोर आहे. तिच्या मागे पेन्सिलीने लिहिले आहे, 'कपाळावरील गोंदण बहिणीच्या कपाळावरून घेतले.' दुसऱ्या प्रतीत कपाळ मोकळेच आहे. ती मुलीने आपल्या घरी नेली.